बापाचं नाव नसलेलं खातं

सोमवार, ९ जून

शाळा उघडली. लॅबमध्ये पाय ठेवला तर उंदरांनी सुट्टीत दोन वायरी कुरतडून ठेवलेल्या, पंखा बंद. पहिल्याच तासाला दहावीची दोन पोरं एका खुर्चीवरून भिडली. एकाचा ओठ फुटला, रक्त की-बोर्डवर. दोघांच्या एकेक थोबाडीत ठेवून दिली. द्यायची नसते, माहीत आहे. हेडसर दारातून गेले, बघून न बघितल्यासारखं केलं.

मी आणि भाविनने शाळांसाठी लिहिलेली ‘किल्ली’ मात्र झकास चालली. सगळ्या वर्गांची खाती सकाळीच तयार. ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा पासवर्ड, फायली ठेवायला ज्याची त्याची जागा. भाविनला फोन केला. तो मार्केटमध्ये शेठच्या दुकानात बिलं करत बसलेला. म्हणाला, सचिन गावातली एक शाळा पण आता आपली किल्ली वापरते. मी म्हटलं, फुकट आहे म्हणून घेतात. तो म्हणाला, म्हणून तर कोड उघडा ठेवला, घेऊ देत की.

सुट्टीत घातलेल्या नव्या भागाचं मलाच कौतुक. आमची पोरं आईबापाच्या कारखान्यामागे फिरणारी. आज गोडादरा, दिवाळीनंतर सचिन, मग आणखी कुठे. दर वेळी नवी शाळा, नवं खातं, आधी केलेलं सगळं गेलं. आता दर रविवारी किल्लीवाल्या शाळांच्या याद्या एकमेकींशी ताडल्या जातात. पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख जुळली की जुनं खातं फायलींसकट नव्या शाळेत येतं. आणि जुळो न जुळो, बापाच्या मोबाइलवर मेसेज: तुमच्या पाल्याचं खातं आता अमुक शाळेत सुरू झालं आहे. हे सगळं माझं डोकं. भा. नुसता हो म्हणाला.

बुधवार, ११ जून

आज एक बाई आली, मंगल. आमच्याच शिरपूरकडची. सोबत मुलगी पूनम, आठवीत घालायची. मंगलच्या उजव्या हाताची तीन बोटं पट्टीत. पूनमने एवढ्या उकाड्यात ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली. सचिनहून आल्या, दाखला नाही. दाखला मागायला गेलं तर नवऱ्याला कळेल. हेडसरांनी आढेवेढे घेतले, मग प्रतिज्ञापत्रावर घ्यायला तयार झाले. हे त्यांनी चांगलं केलं, नंतर विसरायला नको.

खातं उघडायला दोघी लॅबमध्ये आल्या. मी नाव विचारलं, टाइप केलं. वडिलांचं नाव विचारलं तर मंगलने माझं मनगटच धरलं, त्या पट्टीच्या हाताने.

“बाई, तेनं नाव नका टाकू. नाववरीन तो आम्हले शोधी काढी.”

मी रकाना रिकामा ठेवून पुढे गेले. पडद्यावर लाल अक्षरं: वडिलांचं नाव भरा. पुन्हा दाबलं. वडिलांचं नाव भरा. मीच लिहिलेली ओळ, माझ्याच तोंडावर. तळपायाची आग मस्तकात गेली. ही बाई तीन मोडकी बोटं घेऊन समोर उभी, आणि माझा प्रोग्राम तिला विचारतो की नवरा कोण.

तिथल्या तिथे कोड उघडला, सक्ती काढून टाकली. रकाना रिकामा, खातं तयार. मंगलला वाचता येत नाही, पण पडद्याकडे बघून तिने मान हलवली. बदल भा.ला पाठवला, त्याने नजर टाकून हो म्हटलं, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना उतरवून घेता येईल असा वर चढला. फार बरं वाटलं. आईला जेवताना सांगितलं, तीही खूश.

शनिवार, १४ जून

पूनम हुशार आहे. बोलत नाही, पण बोटं भराभर चालतात. मधल्या सुट्टीत लॅबमध्येच बसते. आज आपणहून बोलली, पडद्याकडे बघत.

पप्पा लूमवर, कापडाच्या कारखान्यात. पगाराच्या दिवशी नाही मारत, असं म्हणाली, जणू त्याची बाजू घेत होती. इतर दिवशी मारतो. मम्मीने तिच्या नावावर बँकेत खातं काढलं ते त्याला कळलं. मम्मीचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. एकदा नाही. पूनम मध्ये पडली तर तिची ओढणी धरून भिंतीपर्यंत ओढत नेली. मग मम्मीला म्हणाला, भाकरी टाक. तिने त्या हाताने टाकली.

हे सांगून मला विचारते, टीचर, या ओळीचा रंग कसा बदलायचा.

रंग बदलून दिला. माझे हात शिवशिवत होते. तो माणूस समोर असता तर काय केलं असतं ते इथे लिहीत नाही.

सोमवार, १६ जून

पेन डाव्या हातात धरून लिहिते आहे, उजव्याला सूज आहे. क्रमाने लिहू. नंतर पोलिसांना, हेडसरांना, सगळ्यांना सांगायचं आहे, आणि डोक्यात सगळं उलटसुलट होतंय.

सकाळी पूनम धावत आली. पहिल्यांदा हसताना पाहिली. टीचर, माझी जुनी फाइल आली. सचिनच्या शाळेत तिने काढलेलं घराचं चित्र, लाल कौलांचं, पडद्यावर. मीही क्षणभर हसले. चाललं की आपलं काम.

मग वर नजर गेली. नाव: पूनम. वडिलांचं नाव: संतोष. रकाना भरलेला.

मी सक्ती काढली होती ती खातं उघडण्याच्या पानावरची. याद्या ताडणारा भाग तसाच होता. तिथे आम्ही असं धरलं होतं की बापाचं नाव रिकामं असेल तर ते लिहायचं राहून गेलं. मग उरलेलं जुळवायचं, जुन्या खात्यातून नाव आणि मोबाइल उचलून रकाना भरायचा. मदत म्हणून. आमच्याकडे पोराच्या नावाला बापाचं नाव चिकटलेलंच असतं. कुणी ते मुद्दाम गाळेल हे ना माझ्या डोक्यात आलं, ना भा.च्या.

मेसेजच्या पुढे लिहिलेलं: पोचला. रविवारीच.

पूनमला लॅबमध्ये बसवून हेडसरांकडे पळाले. म्हटलं, आत्ता गेट बंद करा, पोलिसांना कळवा. ते म्हणाले, कामाचा दिवस आहे, तो कारखाना सोडून येणार नाही, उगाच घाबरवू नका. मी मंगलला फोन लावत होते, ती साड्यांना स्टोन लावायच्या कामावर, तिथे फोन बाहेर ठेवायला लावतात. तेवढ्यात गेटवरून ओरडा आला.

रघुनाथकाका गेटवर असतात, साठीचे. त्यांनी अडवलं असणार. मी पोचले तोवर काका जमिनीवर आणि तो त्यांच्या अंगावरून आत आलेला. हातात लूमचा मोठा पाना. काकांच्या डोक्यातून रक्त कानात उतरत होतं. मी त्यांच्यापाशी थांबले नाही, लॅबकडे पळाले. तो माझ्या पुढे.

पूनम टेबलाखाली शिरली होती. त्याने वेणीला धरून बाहेर ओढली. ती ओरडलीसुद्धा नाही, हे मला सहन होत नाही. मी जवळचा की-बोर्ड उचलून त्याच्या तोंडावर मारला. पुन्हा मारला. बटणं उडाली. त्याने पाना फिरवला तो माझ्या हातावर बसला, मग उलट्या हाताची एक तोंडावर. पुढचा दात गेला. मी पडले. तो पूनमला खेचत होता आणि वाटेतले मॉनिटर एकेक करून फोडत होता, रागाने नाही, सवयीने फोडावेत तसे. माझी पोर, माझी पोर, सारखा एकच बोलत होता, “मनी पोर शे. मनी पोर शे.”

मग दहावीची पोरं आली. गेल्या सोमवारी एकमेकांना रक्तबंबाळ करणारी तीच दोघं पुढे. त्यांनी पाना हिसकावला आणि त्याला खाली पाडून मारलं. लाथांनी. तो निपचित पडला तरी मारत होते. मला थांबवता आलं असतं. मी तोंड दाबून बसले होते आणि बघत होते आणि मला बरं वाटत होतं. हेडसरांनी येऊन पोरांना बाजूला ओढलं.

पोलीस. दवाखाना. ओठाला टाके. काका अजून शुद्धीवर नाहीत.

मंगळवार, १७ जून

काका डोळे उघडतात, ओळखत नाहीत. त्यांची बायको बाकावर बसून आहे. तिच्या शेजारी बसले.

पोलीस ठाण्यात जबाब. तिथला जमादार लिहिता लिहिता थांबून म्हणाला, “बेन, गमे तेम पण बाप छे ने.” काही झालं तरी बाप आहे, म्हणे. मी म्हटलं, माझा दात लिहा. काकांचं डोकं लिहा. लिहिलं.

हेडसरांनी केबिनमध्ये दार लावून विचारलं, त्याला कळलं कसं? मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरची काच पुसत बसले. मग म्हणाले, हे इथेच ठेवा. बाप आहे, कुठूनही शोधलंच असतं, मेसेजचं कुणाला माहीत नाही. शाळेचं नाव जाईल, तुमची नोकरी जाईल. वाईट माणूस नाहीत. पण ती काच त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली.

मंगल दुपारी आली. पूनमला पोटाशी धरून व्हरांड्यात उभी. तिनेही तेच विचारलं. मी म्हटलं, मंगल, त्याच्या फोनवर मेसेज गेला. आमच्या कॉम्प्युटरने पाठवला. तिने एकच विचारलं.

“तुम्ही सांगं तेले?”

मी हो म्हटलं. तिने त्या पट्टीच्याच हाताने माझ्या कानाखाली मारली. टाक्यांतून कळ थेट डोळ्यांत गेली. व्हरांड्यात पोरं होती, बाकीच्या बाया होत्या. कुणी पुढे आलं नाही. तिचंच बोट दुखलं असणार, हात पोटाशी धरून खाली बसली. पूनमने तिला उठवलं. दोघी गेल्या.

आईने पेज करून दिली. गाल कसा सुजला विचारलं. मॉनिटर लागला म्हटलं.

शुक्रवार, २० जून

दोन दिवस भा. माझ्याकडेच. शेठकडे ताप आल्याचं सांगून रजा घेतली. ताडणारा भाग मुळापासून बदलला. रकाना रिकामा असेल तर रिकामाच राहील, जुन्या खात्यातून काही उचलायचं नाही, मेसेज आई सांगेल त्याच नंबरवर. आमच्या शाळेत नवी किल्ली बसली.

बाकीच्यांचं काय? मीच अभिमानाने सगळ्यांसाठी वर चढवली होती. कुणी कुणी उतरवून घेतली ते कळायला मार्ग नाही, कुणाला विचारावं लागत नाही, तीच तर गंमत. आता परत बोलावता येत नाही. घेणाऱ्याने स्वतः बदलली तर बदलली.

निदान पानावर सूचना लावू म्हटलं. भा.ने मसुदा केला: पालक-माहितीच्या जुळणीत त्रुटी आढळली आहे, कृपया नवी आवृत्ती घ्यावी. मी वाचलं आणि माझा तोल गेला. त्रुटी? रघुनाथकाकांना आपल्या बायकोचं नाव सांगता येत नाही, त्याला त्रुटी म्हणतात? भा. म्हणाला, असं भडक लिहिलं तर कोणी आपलं सॉफ्टवेअर हातात धरणार नाही, इतक्या वर्षांची मेहनत आहे. मी म्हटलं, नको धरू देत. त्याच्या हातातला लॅपटॉप ओढला, तो सोडेना, बिजागरी मोडली. शेवटी भा. म्हणाला, “तमे लखो, ज्योतिबेन.”

मी लिहिलं. ज्या माणसापासून आई पोराला लपवते आहे, त्या माणसाला ही आवृत्ती पोराचा पत्ता देते. आमच्याकडे दिला. पोरीला मारलं, चौकीदाराचं डोकं फोडलं. आजच्या आज बंद करा. खाली माझं नाव.

संध्याकाळी एक उत्तर आलं, कुठल्या गावचं माहीत नाही. आमच्याकडे एक मुलगा होता, मेसेज गेल्या रविवारी गेला. एवढंच. मी तीन वेळा विचारलं, मग काय झालं? पुढे उत्तर नाही.

शुक्रवार, २७ जून

तो जामिनावर सुटला.

आज शाळेत आला. इस्त्रीचा शर्ट, डोळ्याखाली अजून काळंनिळं. एकटा नाही, भाऊ आणि समाजाचे दोन मोठे लोक घेऊन. बैठक घातली हेडसरांच्या केबिनमध्ये, चहा मागवला. आपसात मिटवायचं. मोठे म्हणाले, नवराबायकोत होतं, पोरगी बापाविना कशी राहील, उद्या लग्नाला उभी करायची तर कुणाचं नाव लावणार. काकांच्या दवाखान्याचा खर्च समाज बघेल. हेडसर मान डोलवत होते. त्या दोघींचं नाव कुणीच घेत नव्हतं, पोरगी आणि तिची आई, एवढंच.

मी भिंतीशी उभी होते. संतोष उठला, माझ्यासमोर येऊन हात जोडले. आवाज इतका मऊ की चहा आणणारा शिपाईही थबकला.

“बाई, पोरगी शाळामा जास का, इतलंच सांगा. बाकी माले काही नको.”

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं, व्हरांड्यातल्या त्या दिवसापासून दोघींचा पत्ता नाही. तो हसला, माझ्या ओठाकडे बघितलं, आपण केलेलं काम तपासावं तसं. टेबलावर पेपरवेट होता. माझी बोटं त्याच्यावर गेली होती. हेडसरांनी बोलता बोलता तो उचलून आपल्या बाजूला ठेवला.

समाजाच्या मोठ्यांना मी जाताना म्हटलं, काकांना एकदा बघून या, मग मिटवा. आवाज फार चढला. आता कॉलनीत माझं नाव खराब होणार. होऊ दे.

बुधवार, २ जुलै

मंगलचा फोन. दुसऱ्याच्या मोबाइलवरून. दोघी चलथाणला आहेत, तिच्या मावसबहिणीकडे, साखर कारखान्याच्या बाजूला खोली. पूनम घरात बसून वेडी होते आहे, शाळेत घालायचं आहे. तिथल्या शाळेतही कॉम्प्युटरवर नाव घेतात. मंगलने विचारलं, तो पण तुमचाच का?

चौकशी केली. आमचाच. आणि तीच आवृत्ती.

रजा टाकून गेले. तिथल्या कॉम्प्युटरच्या मॅडम वऱ्हाडातल्या, तरुण. सूचना वाचलीच नव्हती, मी वाचून दाखवली तर घाबरल्या. पण किल्ली बदलायला त्यांच्या मुख्याध्यापकांची सही हवी, ते गावाला गेलेले, शिवाय चालू मशीनला कुणी हात लावू नये असा त्यांचा दंडक. मी हात जोडले, मग आवाज चढवला, मग पुन्हा हात जोडले. नाही म्हणजे नाही.

मंगल आणि पूनम बाहेर झाडाखाली उभ्या. रकाना रिकामा ठेवला तर रविवारी भरला जाणार, मेसेज जाणार. संतोष लिहिलं तर जुळणारच. दुसरं काहीतरी नाव हवं, जे कशाशीच जुळणार नाही. मंगलला विचारलं, तिच्या बापाचं टाकू? म्हणाली, ते त्याला माहीत आहे. भाऊ? माहीत आहे. तिच्या सगळ्या माणसांची नावं त्याच्या तोंडात आहेत.

मी माझं नाव टाकलं. वडिलांचं नाव: ज्योती. मोबाइल: माझा. आडनावही माझं. वऱ्हाडच्या मॅडम म्हणाल्या, असं बाईमाणसाचं नाव तिथे चालतं का? चाललं. मशीनने एका अक्षराने विचारलं नाही.

मंगलने निघताना माझ्या गालाला हात लावला, जिथे मारलं होतं तिथे. माफी नव्हती. बघत होती सूज गेली का.

परत आले तर गेटवरच्या नव्या माणसाने सांगितलं, एकजण विचारत होता, ज्योती मॅडम आज रजा टाकून कुठे गेल्या.

रविवार, ६ जुलै

दुपारी फोन वाजला. मेसेज. तुमच्या पाल्याचं खातं आता या शाळेत सुरू झालं आहे. खाली शाळेचं नाव, चलथाण. पुन्हा वाचला. पोरगी शाळेत पोचली, जुनं काही जुळलं नाही, कुणाला काही गेलं नाही. फक्त मला. आईला मोठ्याने हाक मारून सांगावंसं वाटलं, आई शेजारच्या लग्नाला गेली आहे.

पाणी प्यायला खिडकीशी गेले. समोर खमणच्या हातगाडीपाशी, लारीपाशी, संतोष बसला आहे. स्टुलावर, प्लेट हातात, सावकाश खातो आहे. त्याने वर बघितलं नाही. बघायची गरज नाही, जिना एकच आहे.

पोलिसांना फोन केला. जमादार म्हणाला, खमण खाणं गुन्हा नाही, काही केलं तर कळवा. भा.ला केला, तो निघाला आहे, पण मार्केटपासून यायचं आहे.

दाराला आतून कडी घातली, कपाट सरकवून लावलं. मेसेज पुसला. फोनमधून गेला. शाळेचं नाव मला पाठ आहे, ते कुठून पुसू? आजवर मला फार राग येतो म्हणून लोक मला हिंमतवाली समजतात, मीही समजत होते. एक दात गेला तेव्हा मी खाली पडले आणि उठले नाही, पोरं आली म्हणून पूनम वाचली. मंगलने बोटं दारात जाऊ दिली आणि तरी बँकेचं पासबुक कुठे आहे ते सांगितलं नाही, असं पूनम म्हणाली होती. मी सांगेन का, मला माहीत नाही.

लारीपाशीचं स्टूल रिकामं आहे. प्लेट तिथेच ठेवून गेला.